ज्या बर्फाचा लाडू वळत नाही

कॅनडातल्या कॅलगरीत शिकायला येऊन दोन महिने झाले की सह्याद्रीत भटकलेल्या पोरांची चुळबुळ सुरू होते. ऑक्टोबरात पश्चिमेला रॉकीजची टोकं पांढरी दिसायला लागतात. मग कुणीतरी गोठलेल्या धबधब्यावर लटकलेल्या माणसाचा फोटो पाठवतं आणि मला फोन येतो, "दादा, नोव्हेंबरात बर्फ चढायला नेशील का?" नेतो. पण नेण्याआधी जे ऐकवतो ते एकदाचं लिहूनच टाकतो, दरवर्षी घसा बसतो.

पहिली अडचण भाषेची. आपण फ्रीजमधल्या खड्यालाही बर्फ म्हणतो आणि आभाळातून भुरभुरतं त्यालाही बर्फच. इथे एवढ्यावर भागत नाही. म्हणून या लेखापुरता कडक तो बर्फ आणि भुसभुशीत ते हिम. तुम्ही चढणार बर्फावर, पण तिथवर जाणार हिमातून. नवी मुलं सगळी चौकशी बर्फाची करतात. किती जाड, किती ग्रेड म्हणजे किती अवघड, किती पिच म्हणजे दोराचे किती टप्पे. हिमाचं कुणी विचारत नाही.

नोव्हेंबरात सगळेच धबधबे गोठलेले नसतात. खालचे आणि उन्हातले मागाहून धरतात. आधी धरतात ते उंचावरचे, सावलीतले, अरुंद घळीसारख्या नाळेत लपलेले. आता नाळ म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सह्याद्रीतल्या बोराट्याच्या नाळेत भर पावसात कुणी थांबतं का? वरून जे सुटतं ते सगळं तिथूनच खाली येतं. इथेही तसंच, फक्त दगडांच्या जोडीला हिम. म्हणजे मोसमातला सगळ्यात पहिला बर्फ नेमका हिमप्रपाताच्या, म्हणजे सुटून कोसळणाऱ्या हिमाच्या, वाटेवर बसलेला असतो.

"पण दादा, अजून हिम पडलंच कुठे फारसं?" हा प्रश्न ठरलेला. थोडं पडलंय हीच तर गोम आहे. हिमाचा थर पातळ आणि वर कडाक्याची थंडी असली, की खालची जमीन त्या मानाने उबदार राहते. या फरकामुळे थरातली वाफ खालून वर सरकते आणि तळाच्या कणांचे टोकदार, सुटे दाणे बनतात, जाड साखरेसारखे. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यांच्यावर मग वाऱ्याने आणून टाकलेला घट्ट थर बसला, की रव्यावर फरशी ठेवल्यासारखी अवस्था होते. पाय पडेपर्यंत सगळं छान दिसतं.

माझ्या तिसऱ्या मोसमात, नोव्हेंबरच्या शेवटी, मी आणि नाशिकची एक मैत्रीण कूटनी नॅशनल पार्कमधल्या स्टॅन्ली हेडवॉल या कड्याला गेलो होतो. कॅलगरीहून पहाटे चारला निघालो, बँफ मागे टाकून हायवे ९३ दक्षिणेला धरला. पायवाट जळालेल्या जंगलातून चढते. तिथे १९६८ साली आणि पुन्हा २००३ साली वणवे लागले होते. उन्हाळ्यात ही साधी, चार-साडेचार किलोमीटरची चाल. आम्ही स्की लावल्या होत्या आणि पातळ हिमाखाली आडव्या पडलेल्या ओंडक्यांना अडखळत, शिव्या घालत, अडीच तासांनी दरीत पोचलो.

समोर गोठलेल्या धबधब्याचा खांब जमिनीला टेकलेला होता. निळसर, जाड, हवा तसा. मी तर सॅकमधून हार्नेस बाहेर काढायला लागलो.

मग चढणीवर दहा-बारा पावलं गेलो आणि पायाखालून "वुम्फ" असा दबका आवाज आला. हिमाचा थर खाली बसला होता. मैत्रिणीने फावडं काढून जमिनीपर्यंत खड्डा खणला. पाऊणएक हात खोल, त्यातला खालचा निम्मा नुसता दाण्यांचा. तिने मूठभर माझ्या हातात दिलं. "वळून दाखव लाडू." वळेना. बोटांतून गळून गेलं. "चल रे, उतरू."

आम्ही उतरलो. वाटेत दुसरे दोघे वर जाताना भेटले. त्यांना खड्ड्याचं सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले. तोच खांब चढून संध्याकाळी सुखरूप परतले. महिनाभर मला ते खुपत होतं, खोटं कशाला बोलू. पण या खेळाची पंचाईत हीच आहे: चुकीच्या निर्णयालाही बहुतेक वेळा शिक्षा होत नाही, त्यामुळे आपण बरोबर होतो की नुसते नशीबवान, हे कळतच नाही.

तेव्हा क्रॅम्पॉनवर, म्हणजे बुटांना लावायच्या खिळ्यांवर, पैसे घालण्याआधी दोन दिवसांचा एएसटी-१ हा हिमप्रपाताचा कोर्स करा. बीकन (गाडलेल्याला शोधायचं यंत्र), प्रोब (हिमात खुपसायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं. तिघांत एक फावडं म्हणजे एकाकडेही नाही असं समजा. अ‍ॅव्हलांच कॅनडा आणि पार्क्स कॅनडाचे हिमप्रपाताचे अंदाज वाचायची सवय लावा. मोसमाच्या सुरुवातीला तिथे बरेचदा "नो रेटिंग" दिसेल. त्याचा अर्थ पुरेशी माहिती अजून हाती नाही, धोका नाही असा नव्हे.

आता बर्फाकडे. माठ घेताना वाजवून बघतो तसा कुऱ्हाडीने हलकेच वाजवा. भरीव आवाज आला तर ठीक; पोकळ आला तर मागे पाणी वाहतंय किंवा नुसती हवा आहे. सुरुवातीचा बर्फ पातळ असतो, म्हणून दोर अडकवायला बर्फात पिळायचे दहा आणि तेरा सेंटिमीटरचे बुटके स्क्रू जवळ ठेवा, आणि कुऱ्हाड खालच्या कातळावर आपटून बोथट होणार हे धरून चाला. उणे पाच ते उणे दहा हे तापमान सुखाचं. उणे वीसच्या खाली बर्फ काचेसारखा तडकतो आणि ताटाएवढे तुकडे अंगावर येतात. एका रात्रीत पारा धाडकन घसरला असेल तर सुट्या खांबापासून लांब राहा, आकसताना त्याला भेगा पडतात. उलट शिनूक हा डोंगरावरून उतरणारा उबदार वारा सुटला की काही तासांत वीस अंशांनी तापमान चढू शकतं. मग त्या दिवशी कॉफी प्यावी.

हातांविषयी एक सांगायचं राहिलं. गारठलेल्या बोटांत रक्त परत यायला लागलं की जी कळ येते तिला इथले लोक "स्क्रीमिंग बार्फीज" म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणीतरी बर्फी वाटतंय असं वाटलं होतं. ओरडायला आणि ओकायला एकदमच होतं, म्हणून हे नाव. हातमोज्यांचे तीन जोड न्या आणि चालताना घाम येऊ देऊ नका; निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. तुपातली दशमी उणे वीसला पुठ्ठा होते. शेंगदाणे आणि बारीक फोडलेला गूळ मात्र कधी दगा देत नाही.

पहिल्या वर्षी हेडवॉलचं, आइसफील्ड्स पार्कवे या डोंगरातल्या रस्त्याचं नाव काढू नका. पार्कवेवर बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, १ नोव्हेंबरपासून हिवाळी टायर सक्तीचे, आणि गाडी बंद पडली तर सॅटेलाइट मेसेंजरच कामाचा. घोस्ट व्हॅलीत तर बर्फापेक्षा गाडी नदीपार नेणं अवघड. त्याऐवजी हॅफनर क्रीक, जॉन्स्टन कॅनियन, कॅनमोरचं जंकयार्ड्स. तिथे वरून दोर लावून दिवसभर पाय मारायला शिका. पहिल्या एक-दोन वेळा एसीएमजी या कॅनडातल्या गाईडांच्या संघटनेचा गाईड चौघांत मिळून घेतला तर परवडतो.

आणि शुक्रवारी रात्री नऊनंतर फोन करू नका. शनिवारी मला चारला निघायचं असतं.