अरबी-पॉप गाताय? निदान या चुका टाळा

नताशा अ‍ॅटलासची दोन गाणी ऐकायची, लगेच स्टुडिओ बुक करायचा आणि आठवड्याच्या आत ‘अरेबिक फ्यूजन’ म्हणून व्हिडिओ टाकायचा, हा क्रम आता मला पाठ झालाय. ही बाई ब्रसेल्स भागात जन्मली, आई इंग्लिश, इजिप्तशी नातं वडिलांकडून. ट्रान्सग्लोबल अंडरग्राउंड या बँडबरोबर क्लबच्या बीटवर गायली, १९९५ मध्ये ‘डायस्पोरा’ हा स्वतःचा पहिला अल्बम केला आणि दोनच वर्षांनी इजिप्तचा गायक अब्देल हलीम हाफेझला मानवंदना म्हणून ‘हलीम’. तिच्या पॉपखाली कैरोचं घोटलेलं गाणं आहे. नक्कल करणाऱ्यांना मात्र वरचा बीट तेवढा ऐकू येतो.

ऑटोट्यूनला मकाम कळत नाही

माझी सगळ्यात जुनी तक्रार. मकाम म्हणजे अरबी संगीतातला, आपल्या रागासारखा सुरांचा साचा, आणि ऑटोट्यून म्हणजे गायलेला सूर जवळच्या ठरलेल्या सुरावर ओढणारं सॉफ्टवेअर. बयाती मकामातला रिषभ आपल्या कोमल आणि शुद्ध रे यांच्या मध्ये बसतो. पेटीवर त्याला पट्टीच नाही. सुरांमधलं अंतर सेंटमध्ये मोजतात; दोन शेजारच्या पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं, हा सूर ढोबळमानाने पन्नासावर.

पुण्यातल्या एका रेकॉर्डिंगला एक मुलगी असाच बयाती गायला आली होती. शास्त्रीय शिकलेली, कान तयार, कैरोच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून तिने तो रिषभ पकडला होता. अगदी नेमका. रेकॉर्डिस्टला घाई. त्याने सवयीने ऑटोट्यून क्रोमॅटिकवर, म्हणजे पेटीच्या बाराही स्वरांवर टाकलं. सूर बरोबर मधोमध, त्यामुळे यंत्राला ठरवता येईना की वर ओढू की खाली. लांब धरलेला रिषभ थरथरायला लागला, एका ओळीत कोमल, पुढच्या ओळीत शुद्ध. यावर साहेबांचा उपाय काय, तर ऑटोट्यूनचा सूर ओढण्याचा वेग आणखी वाढवा! मग सूर कुठेतरी चिकटला आणि मंडळी म्हणाली, “आता कसं स्वच्छ झालं.” स्वच्छ झालं खरं. बयाती धुऊन गेला होता. त्यावर कीबोर्डवाल्याने मायनर कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) पसरले आणि उरलं ते कुठल्याही मालिकेचं शीर्षकगीत.

माझी पद्धत साधी आहे. ऑटोट्यून बंद. एखादी जागा खरंच घसरली असेल तर तेवढीच हाताने सरकवायची, नाहीतर पुन्हा गाऊन घ्यायची. कीबोर्डवर स्केल ट्यूनिंगमध्ये जाऊन फक्त शुद्ध रे ५० सेंट उतरवायचा आणि मग कानाने थोडा इकडे-तिकडे करायचा, कारण कैरो आणि इस्तंबूल इथे हे मधले सूर एकाच जागी लागत नाहीत. बरेच कीबोर्ड हे करू देतात. पण मॅन्युअल उघडणार कोण?

प्रत्येक सुराखाली कॉर्ड लागतोच असं नाही

बयातीत पंचमावरचा कॉर्ड धरलात की त्यात रिषभ आलाच, आणि तो गाणाऱ्याच्या रिषभाशी भांडतो. रास्त मकामात तर गंधारच मधला, म्हणजे षड्जाचा पहिलाच कॉर्ड अडखळतो. अशा जागी मी फक्त सा-प धरून ठेवतो आणि गिटारवाल्याला चहा प्यायला पाठवतो. कॉर्डांचा हट्टच असेल तर कुर्द किंवा नहावंद घ्या. कुर्द म्हणजे भैरवीचे स्वर, नहावंद किरवाणीच्या जवळचा. दोन्हींत मधला सूर नाही, अरबी पॉपवाल्यांचे हे लाडके मकाम उगाच नाहीत.

दोष पाश्चात्त्य वाद्यांचा नाही. इजिप्तची गायिका उम्म कुलसूमने १९६४ मध्ये संगीतकार अब्देल वहाबच्या चालीवर गाताना मागे इलेक्ट्रिक गिटार घेतलीच होती. पण ती गिटार गाण्यामागे चालत होती.

सगळंच हिजाझ

‘अरबी फील’ म्हटलं की कोमल रे आणि शुद्ध ग, म्हणजे हिजाझ मकाम. आपला बसंतमुखारी गायचा आणि वर वाळवंटाचा फोटो. हिजाझ सुंदर आहे, पण तो एकटाच घर चालवत नाही.

किकखाली दुम गाडू नका

दरबुका या अरबी हातढोलावर दुम म्हणजे जड ठोका, तक म्हणजे हलका. मक्सूमचा ठेका आठ जागांत असा: दुम तक – तक दुम – तक –. सईदी या दुसऱ्या ठेक्यात चौथ्या जागी तकऐवजी दुम येतो, फरक एवढाच. तुम्ही चारही मात्रांवर जड किक (ड्रमसेटमधल्या मोठ्या ढोलाचा ठोका) ठोकलीत की तो फरक कुणालाच ऐकू येत नाही. मी किक पहिल्या आणि पाचव्या जागेवर ठेवतो, बाकी दरबुक्याला मोकळं सोडतो.

उच्चार देवनागरीत लिहून पाठ करणे

नको. घशातले व्यंजन कागदावर येत नाहीत. शिवाय कैरोत ‘ज’चा ‘ग’ होतो, लेबनॉनमध्ये होत नाही. एका गाण्यात एकच बोली ठेवा.

ताना

आवरा.

सॅम्पल उचलून मोकळं होणे

अब्देल हलीमने १९५७ मध्ये गायलेल्या, बलीग हमदीच्या एका चालीचा तुकडा अमेरिकन रॅप गाण्यात गेला. हमदीच्या वारसाने २००७ मध्ये दावा लावला, अपिलाचा निकाल २०१८ मध्ये लागला, तोही रॅपरच्या बाजूने. त्याच्याकडे अकरा वर्षं पुरतील एवढे वकील होते. तुमच्याकडे नसतील, तर दरबुका वाजवणारा माणूस बोलवा आणि तुकडा नव्याने वाजवून घेण्याआधीही चालीची परवानगी लागते हे त्याच दिवशी निर्मात्याच्या कानावर घाला.