त्रुटीच्या वाटेवर न सुटलेले लॉक कसे शोधावे व दुरुस्त करावे

फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये लॉक (एका वेळी एकालाच डेटा बदलू देणारे कुलूप) सोडायचे राहिले, तर दोष जिथे असतो तिथे काहीच दिसत नाही. मेमरी मिळाली नाही म्हणून एखादे फंक्शन डिरेक्टरीच्या आयनोडचे (तिची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचे) लॉक तसेच ठेवून परतते, आणि नंतर त्याच डिरेक्टरीत नवी फाइल तयार करू पाहणारी दुसरीच प्रक्रिया अडकून पडते. लिनक्समध्ये अशा अडकलेल्या प्रक्रियेची नोंद सहसा १२० सेकंदांनंतर लॉगमध्ये येते. मात्र त्या नोंदीतला कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणते बोलावले याची यादी) वाट पाहणाऱ्याचा असतो, लॉक सोडायला विसरलेल्याचा नव्हे.

म्हणून आधी कर्नल (लिनक्सचा गाभा) ‘प्रूव्ह लॉकिंग’ हा पर्याय चालू ठेवून बांधावे, म्हणजे कंपाइल करावे. २००६ पासून कर्नलमध्ये असलेली लॉकडेप ही यंत्रणा, सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलला केलेली विनंती) संपताना लॉक अजून धरलेले असेल, तर ते कोणते आणि कोठे घेतले हे त्याच क्षणी सांगते. मेमरी वाटप मुद्दाम फसवणारी फेलस्लॅब ही सोय सोबत वापरली, की एरवी वर्षानुवर्षे न चालणाऱ्या त्रुटीच्या वाटाही (अपयश आल्यावरच चालणारा कोड) चालून बघता येतात.

जागा सापडल्यावर रिटर्नच्या वर एक अनलॉक लिहून मोकळे होण्याचा मोह आवरावा. काही फंक्शने यशस्वी झाल्यावर लॉक मुद्दाम धरूनच परततात, आणि ते सोडणे हे बोलावणाऱ्याचे काम असते. तेथे जास्तीचा अनलॉक घातला, तर लॉक दोनदा सुटते आणि मूळ दोषापेक्षा वाईट अवस्था होते. त्यामुळे बोलावणारी प्रत्येक जागा वाचावी, मग फंक्शनच्या शेवटी लेबले अशी रचावीत की ज्या क्रमाने गोष्टी घेतल्या त्याच्या उलट क्रमाने त्या सुटतील. लॉक घेण्यापूर्वीच अपयश आले, तर गोटूने (थेट लेबलावर उडी घेणाऱ्या आज्ञेने) अनलॉकच्या खालच्या लेबलावर जावे. प्रत्यक्षात याच ठिकाणी सहज चूक होते. जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) असलेल्या फाइलसिस्टिममध्ये उघडलेले हँडलही (जर्नलमधील चालू व्यवहाराचा दुवा) याच साखळीत धरावे. उदाहरणार्थ, एक्स्ट४ या फाइलसिस्टिममध्ये हँडल आधी सुरू होते आणि आयनोडचा डेटा सेमाफोर (एक प्रकारचे लॉक) नंतर घेतला जातो, म्हणून सोडताना सेमाफोर आधी सोडावा.

आवृत्ती ६.५ पासून कर्नलमध्ये गार्ड हा मॅक्रो आहे, जो व्याप्ती (कोडचा तो भाग) संपताच लॉक आपोआप सोडतो. नव्या कोडसाठी तो उत्तम; पण गोटू असलेल्या जुन्या फंक्शनात तो मिसळू नये, शिवाय जुन्या स्थिर शाखांमध्ये (फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या जुन्या आवृत्त्यांमध्ये) न्यायची दुरुस्ती लहान असलेलीच बरी.

शेवटी लॉकडेप चालू ठेवून एक्सएफएसटेस्ट्स हा फाइलसिस्टिम तपासणारा चाचणीसंच चालवावा, आणि पॅचच्या ‘फिक्सेस’ ओळीत दोष आणणाऱ्या कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) हॅशची (ओळखखुणेची) पहिली १२ अक्षरे व त्याचे शीर्षक द्यावे.