गंजलेला लाकडाचा लेथ आणलाय? आधी ग्राइंडर लांब ठेवा

मिरजेत एका भंगारवाल्याकडनं मी हा लेथ, म्हणजे लाकूड गोल फिरवत पटाशीनं कापायचं यंत्र, किलोच्या भावानं उचलला. ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगलीत कुणाच्यातरी दुकानात बुडालेला, त्यामुळं गंजाच्या आधी कृष्णेचा गाळ काढायला लागला. हा गाळ मैद्यासारखा बारीक, वाळला की सिमेंट, आणि खाली ओल धरून बसतो, म्हणून वरनं जरासं लाल दिसणारं खरवडलं की खाली खड्डेच खड्डे. लाकडाच्या पट्टीनं जेवढा निघेल तेवढा काढा, मग डिझेलात बुडवलेला ब्रश. रॉकेल मिळालं तर उत्तमच, पण आता मिळतंय कुठं.

मोटर बुडालेली असली तर "एकदा लावून तर बघू" हा किडा आवरा. रिवाइंडिंगवाल्याकडं न्या, तो वाळवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून सांगतो. बेरिंगमध्ये गाळ गेला असंल तर धुवत बसू नका, वरचा नंबर वाचायचा नि नवीन आणायचं.

आता ग्राइंडरचं. याच्या आधीचा लेथ मी एकाला साफ करायला दिलेला, पठ्ठ्यानं ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावून अर्ध्या तासात बेड, म्हणजे लेथचा लांब सपाट पाया, आरशासारखा केला, मी पण खूश होऊन चहा पाजला. घरी आणून स्टीलची पट्टी बेडवर उभी धरली, मागनं मोबाईलचा टॉर्च मारला तर मधोमध खालनं उजेड दिसतोय! टेलस्टॉक (बेडवर सरकणारा, लाकडाचं दुसरं टोक धरणारा भाग) तिथं आला की डुलायला लागतो, सेंटर (लाकूड धरणारं टोकदार टोक) जुळत नाही, आणि खाल्लेलं बीड (ओतीव लोखंड) काही परत येत नाही. तेव्हापासनं बेडला हातानंच. पुट्टीची पात अगदी आडवी धरून वरचा पापुद्रा काढा, मग सपाट लाकडी ठोकळ्याला 320 नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून, तेलाचे दोन थेंब टाकून, बेडच्या लांबीत लांब लांब हात मारा. एकाच जागी घासत बसायचं नाही. काळे डाग आणि खड्डे राहिले तर राहू द्या, टेलस्टॉक खड्ड्यावर नाही, भोवतालच्या सपाटीवर सरकतो.

टूल रेस्ट (पटाशी टेकवायचा आधार), नट, बोल्ट, हँडल अशा सुट्या लोखंडी वस्तूंना लिंबूसत्व. किराणा दुकानात मिळतं, एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. ॲल्युमिनियमचं काही असलं तर बाहेर काढा, आणि रंग ठेवायचा असला तर तो भाग पण बुडवू नका. दोन-तीन तासांनी काढून घासणी मारा, काळं पाणी निघतं, गंज राहिला तर परत टाका, पण रात्रभर विसरू नका, चांगलं लोखंड पण खातं ते. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात एक बुडी, लगेच कडक गरम पाणी ओता म्हणजे वस्तू तापून आपोआप वाळते, आणि ऊब असतानाच तेल. इथं फोन आला, उचलला, पाच मिनिटं बोललात की परत केशरी झालंच म्हणून समजा.

बाथरूमचं ॲसिड वापरायचा सल्ला कुणीतरी देणारच. नको. त्याची वाफ बंद शेडमध्ये फिरते आणि शेजारचं धडधाकट सामान पण गंजवते.

स्पिंडलच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) आतल्या टेपरला, म्हणजे निमुळत्या भोकाला, पेपर मारू नका, डिझेलची चिंधी काडीला गुंडाळून फिरवा. तिथं कण राहिला तर सेंटर वाकडं फिरणार.

पटाशा नि गोल पटाशांचं जरा निगुतीनं करा. लांब असतात, बादलीत मावत नाहीत, तर पीव्हीसी पाईपाला खाली टोपी लावून उभा करा आणि नुसतं पातं बुडेल एवढंच लिंबूसत्वाचं पाणी, मूठ बाहेर. गोल पटाशीचं बाहेरनं कितीही चमकवा, धार ठरते ती आतल्या खोबणीवर, तिथं खड्डा असला की धार दातरी येणार. गोल काडीला पेपर गुंडाळून खोबण लांबीत घासा, खड्डा फक्त टोकाला असंल तर तेवढं घासून मागं सरका. त्याआधी पोलाद कुठलं ते बघा: धार लावायच्या चाकावर पांढऱ्या ठिणग्यांची फुलबाजी उडाली तर जुनं कार्बन स्टील, ते निळं होऊ द्यायचं नाही, सारखं पाण्यात बुडवायचं. मोजक्याच लालसर ठिणग्या म्हणजे एचएसएस (हाय स्पीड स्टील), ते जास्त ताप सोसतं. मुठीला जवसाचं तेल लावा, पण ती चिंधी चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, आपोआप पेट घेते, पसरून वाळवा.

बेडला शेवटी तेल नाही, मेण. तेलावर भुसा चिकटतो आणि तोच ओल धरतो. मधमाशीच्या मेणाचा कीस टर्पेंटाइनमध्ये टाकून बरणी झाकण लावून उन्हात ठेवा, आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात लोण्यासारखं होतं, पातळ हात मारायचा नि सुक्या फडक्यानं पुसायचं. सिलिकॉनचा स्प्रे नको, लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही.

पावसाळ्यात प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम सुटतो, जुनी सुती चादर बरी. आणि ओली बाभूळ लावली असंल तर जेवायला जायच्या आधीच बेड पुसा, तिच्या रसानं लोखंडावर शाईसारखे डाग पडतात, माझ्या बेडवर एक अजून तसाच आहे.