कृष्णविवराच्या झोताचा वेग मोजताना या चुका टाळा

कृष्णविवराजवळून उसळणाऱ्या पदार्थाच्या झोताची पहिलीच मोजणी आणि उत्तर येतं प्रकाशाच्या पाचपट! घाबरून डेटा बाजूला टाकू नका. १९७१ मध्ये ३सी २७९ या क्वेसारने (कृष्णविवरामुळे झगझगणारं दूरच्या दीर्घिकेचं केंद्र) खगोलशास्त्रज्ञांनाही असंच कोड्यात टाकलं होतं. समजा, झोतातला एक गोळा प्रकाशाच्या ९८ टक्के वेगाने, आपल्या दृष्टिरेषेशी सुमारे ११.५ अंशांचा कोन करून निघाला. शंभर वर्षांत तो ९६ प्रकाशवर्षं आपल्याकडे सरकतो आणि साडेएकोणीस प्रकाशवर्षं आडवा जातो. शेवटी निघालेल्या प्रकाशाला ९६ प्रकाशवर्षं कमी कापायची असतात, त्यामुळे शंभर वर्षांचा प्रवास आपल्याला चारच वर्षांत उरकलेला दिसतो. साडेएकोणीस भागिले चार केलं की झाले जवळजवळ पाच. ही आकडेमोड एकदा स्वतः कागदावर करून बघाच, आणि टिपणात 'वेग' न लिहिता 'भासमान वेग' लिहा.

याच हिशेबात रेडशिफ्ट, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशलहरी ताणल्या जाणं, हमखास विसरली जाते. ३सी २७९ ची रेडशिफ्ट ०.५३६ आहे, म्हणजे तिथली दोन वर्षं आपल्याकडे तीनहून किंचित जास्त भरतात.

एकच झोत दिसला म्हणून दुसरा नाहीच, असंही धरू नका. वरच्याच उदाहरणात आपल्याकडे येणारा झोत पाठमोऱ्या झोतापेक्षा हजारो पट तेजस्वी दिसेल. दुसरा असतो, पण प्रतिमेतल्या गोंगाटात बुडून जातो.

माझ्या मते सगळ्यात घातक चूक म्हणजे गोळ्यांची अदलाबदल. दोन निरीक्षणांमध्ये फार दिवस गेले, तर पुढचा गोळा विझलेला असतो, मागचा त्याच्या जागी आलेला असतो, आणि आपण दोघांना एकच समजतो. वेगवान स्रोत असेल तर निरीक्षणं जवळजवळ घ्या. तेज आणि ध्रुवीकरण (लहरींच्या कंपनाची दिशा) जुळत असेल तरच गोळ्याला तेच नाव द्या.

अंतर गाभ्यापासून, म्हणजे झोताच्या तळाशी दिसणाऱ्या तेजस्वी ठिपक्यापासून मोजता ना? मग निरीक्षणाची रेडिओ वारंवारिता बदलू नका. कमी वारंवारितेला झोताचा तळ अपारदर्शक असतो, म्हणून गाभा कृष्णविवरापासून दूर सरकलेला दिसतो. एकदा ५ आणि एकदा १५ गिगाहर्ट्झ वापरलंत, तर गोळा जागचा न हलताही हलल्यासारखा वाटेल.

प्रतिमेत नवाच ठिपका उगवला तर आधी ती प्रतिमा मिळून बनवणाऱ्या रेडिओ दुर्बिणींच्या अँटेना तपासा. एखाद्या अँटेनाचं कॅलिब्रेशन (मोजमापाची जुळणी) बिघडलं की गाभ्याच्या दोन्ही बाजूंना खोटे ठिपके पडू शकतात. एकेक अँटेना वगळून प्रतिमा पुन्हा बनवा. ठिपका गायब झाला, तर ती अँटेना सापडली.