घराचा कारभार कसा चालतो ते आधी विचारा: कुटुंबाचं मूल्यमापन नव्याने शिकणाऱ्या नर्सिंग विद्यार्थ्यांसाठी

फॅमिली असेसमेंटला, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन कुटुंबाचं मूल्यमापन करायला, पहिल्यांदा निघालेल्या विद्यार्थ्यांकडे माझा एकच आग्रह असतो. आजाराची माहिती फाइलमध्ये मिळेल; घरात गेल्यावर आधी कामांबद्दल विचारा. सकाळचं औषध कोण देतं? रात्री पेशंटने हाक मारली तर कोण उठतं? डॉक्टरांशी कोण बोलतं? खर्चाचा निर्णय कुणाच्या हातात आहे? 'घरात सगळं ठीक आहे ना?' असं विचारलंत तर 'हो' याशिवाय दुसरं काही ऐकायला मिळणार नाही. कामांबद्दल विचारलं की मात्र माणसं आपोआप मोकळी होतात, कारण त्यात कुणाची परीक्षा घेतल्यासारखं वाटत नाही.

आणि हाच प्रश्न एकाहून जास्त जणांना विचारा. एका घरी मधुमेह असलेल्या आजी होत्या. इन्सुलिन कोण देतं, असं विचारल्यावर सून म्हणाली, "आम्ही सगळेच बघतो." मुलगा म्हणाला, "हीच देते." बाजूला वही घेऊन बसलेली त्यांची बारा-तेरा वर्षांची मुलगी मान वर न करता म्हणाली, "सकाळचं मी देते. तेव्हा आई कामावर गेलेली असते." किती युनिट घ्यायची, सुई कुठे टोचायची, रोज जागा का बदलायची, हे सगळं तिने बिनचूक सांगितलं. "आणि आजीला एकदम घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, ती असंबद्ध बोलायला लागली तर काय करशील?" असं विचारल्यावर ती गप्प झाली. तेव्हा कुठे घरातल्या मोठ्यांच्या लक्षात आलं की केवढी जबाबदारी त्या पोरीवर येऊन पडली आहे. फॉर्मवर 'मुख्य काळजीवाहक: सून' एवढंच लिहून उठता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण रक्तातली साखर एकदम उतरण्याचा धोका ज्या वेळी होता, त्या वेळी घरात फक्त एक लहान मुलगी होती. त्या भेटीत सगळ्यांना एकत्र बसवून साखर उतरल्याची लक्षणं आणि तातडीने काय करायचं ते शिकवलं, आणि सकाळचा डोस मुलाने स्वतःकडे घेतला. मुलीचं मनापासून कौतुक करायलाही आम्ही विसरलो नाही. आपल्याकडून काम काढून घेतलं म्हणजे आपलं काही चुकलं, असं तिला वाटायला नको होतं.

आता थोडं पुस्तकी, पण कामाचं. लॉरेन राइट आणि मॉरीन लेही या दोन परिचारिकांनी 1984 मध्ये मांडलेलं कॅलगरी मॉडेल कुटुंबाकडे तीन अंगांनी पाहतं: रचना, विकास आणि कार्य. रचना म्हणजे घरात कोण कोण आहे, कुणाचं कुणाशी किती जवळचं आहे, बाहेरचा आधार कुठून येतो. विकास म्हणजे कुटुंब आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे: नुकतं बाळ झालंय, मुलं वयात येताहेत, की मुलं घराबाहेर पडली आहेत. कार्य म्हणजे रोजची कामं आणि आपसातलं बोलणं, रुसणं, ठरवणं. तिन्ही अंगांचे सगळे उपविभाग एकाच भेटीत भरायचा हट्ट धरू नका. ज्या अंगात अडचण दिसते तिथे खोल जा.

रचना समजून घ्यायला जीनोग्राम, म्हणजे पिढ्यांची नाती दाखवणारं कुटुंबाचं चित्र, काढा, तेही घरच्यांच्या समोर बसून. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, वारलेल्या व्यक्तीच्या चिन्हावर फुली, आणि ज्याच्यासाठी आपण आलोय त्याला दुहेरी रेघ. निदान तीन पिढ्या घ्या. वय, आजार आणि मृत्यूचं कारण लिहा. चित्र कागदावर उमटायला लागलं की घरचे स्वतःहून पुढे सरकतात, "इथे माझा एक भाऊ राहिला" म्हणतात. एखाद्या फुलीपाशी आवाज बदलला तर पेन खाली ठेवा आणि ऐका. त्याच्या जोडीला इकोमॅप, म्हणजे कुटुंबाचे बाहेरच्या जगाशी असलेले संबंध दाखवणारा नकाशा. अॅन हार्टमन या समाजकार्यातल्या अभ्यासक बाईंनी तो 1970च्या दशकात तयार केला. मधे कुटुंबाचं वर्तुळ, भोवती शाळा, नोकरी, दवाखाना, नातेवाईक, शेजारी. घट्ट नात्याला जाड रेघ, तुटक नात्याला तुटक रेघ, ताणाच्या नात्याला नागमोडी. ज्या कुटुंबाच्या इकोमॅपमध्ये दवाखान्याशिवाय एकही जाड रेघ नाही, त्या कुटुंबाच्या डिस्चार्जचं नियोजन फार जपून करावं लागतं.

बोलणं कसं करायचं, हा नवख्यांचा खरा प्रश्न असतो. मला सगळ्यात उपयोगी पडलेली पद्धत म्हणजे एकाबद्दल दुसऱ्याला विचारणं. मुलाला विचारा, "आई आजारी पडल्यापासून बाबांच्यात काय फरक पडलाय?" बाबांना विचारा, "या सगळ्याची जास्त काळजी कोण करतं, असं तुम्हाला वाटतं?" ज्याच्याबद्दल विचारलं तो समोरच बसलेला असतो आणि आपल्याबद्दल घरात काय दिसतं ते तो ऐकत असतो. अशा एखाद्या उत्तरानंतर शांतता पसरते. ती भरून काढायची घाई करू नका.

ताणाच्या बाबतीत विद्यार्थी मोठ्या घटना शोधत बसतात. होम्स आणि रेह यांच्या 1967च्या मोजपट्टीत 43 घटना आहेत: जोडीदाराच्या मृत्यूला 100 गुण, घटस्फोटाला 73, लग्नाला 50. आनंदाचा बदलसुद्धा ताण देतो, हे त्यातून चांगलं कळतं. पण तीच घटना एका घराला मोडून टाकते आणि दुसरं घर त्यातून उभं राहतं, असं का, याचं उत्तर त्या यादीत नाही. समाजशास्त्रज्ञ रूबेन हिल यांनी युद्धामुळे ताटातूट झालेल्या कुटुंबांचा अभ्यास करून 1949 मध्ये त्याची मांडणी केली. घटना, कुटुंबाकडे असलेली साधनं, आणि कुटुंब त्या घटनेकडे कसं बघतं, या तिन्हींतून संकट किती मोठं होणार ते ठरतं. पुढे 1983 मध्ये मॅककबिन आणि पॅटरसन यांनी त्यात साचत जाणाऱ्या ताणांची भर घातली. ही भर मला फार मोलाची वाटते, कारण आपण घरात पाऊल टाकतो तेव्हा ताण एकटा कधीच नसतो. पक्षाघातासोबत कर्ज असतं, कर्जासोबत भावाभावांतला अबोला असतो.

म्हणून ताणाची यादी आपल्या मनाने करू नका. एका पक्षाघाताच्या पेशंटच्या घरी विद्यार्थिनीने क्रमांक एकवर पाठीवरची जखम लिहिली होती. त्यांच्या पत्नीला मी विचारलं, "यातली एकच गोष्ट उद्या हलकी झाली तर कोणती व्हावी?" त्या म्हणाल्या, "मला सलग चार तास झोपू द्या." दर दोन तासांनी कूस बदलायला रात्रभर उठत होत्या त्या. जखमेची काळजी त्याच झोपेवर टिकून होती. कुटुंबाने आपल्या ताणांना स्वतः गुण द्यायचे, नर्सने वेगळे द्यायचे आणि मग दोन्ही ताडून पाहायचे, अशी सोय असलेलं एक साधन नर्सिंगच्या अभ्यासक बेट्टी न्यूमन यांच्या सिद्धांतावर बेतलेलं आहे. त्यात कुटुंबाच्या बळांचाही वेगळा भाग आहे. दोघांच्या गुणांत जिथे तफावत दिसते तिथेच बोलायला सुरुवात करा. साधन हाताशी नसेल तर कोऱ्या कागदाचे दोन रकाने पुरतात.

तयार प्रश्नावल्यांमध्ये, घरच्यांकडून मिळणाऱ्या साथीबद्दल माणूस किती समाधानी आहे ते विचारणारी फॅमिली अॅपगार सुटसुटीत आहे. स्मिलकस्टीन यांनी 1978 मध्ये दिलेले पाच प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 2 गुण. 7 ते 10 म्हणजे घराची घडी बरी, 4 ते 6 म्हणजे लक्ष हवं, 0 ते 3 म्हणजे गंभीर. लक्षात ठेवा, तो आकडा त्या एका व्यक्तीचं समाधान सांगतो, अख्ख्या घराचं नाही. सासूचे 9 आणि सुनेचे 3 आले तर सरासरी काढू नका; दोन्ही लिहा. काळजीवाहकाचा भार पाहायचा असेल तर झॅरिट यांची 22 प्रश्नांची प्रश्नावली घ्या, पण ती पेशंटच्या कानावर पडेल अशा ठिकाणी भरून घेऊ नका.

एक गोष्ट मात्र सगळ्यांसमोर कधीही विचारायची नाही: मारहाण किंवा धाक. तो प्रश्न एकट्यात, दार लावून, आणि उत्तर 'हो' आलं तर पुढे कुणाकडे पाठवायचं हे आधी माहीत करून घेऊनच. त्या व्यक्तीच्या जिवाला धोका होईल अशा जागी, घरच्यांच्या हाती पडेल अशा कागदावर ते लिहू नका; आपल्या वरिष्ठांना विचारून नोंद कुठे करायची ते ठरवा.

नोंद लिहिताना पाहिलेलं, ऐकलेलं आणि आपला अंदाज वेगवेगळं ठेवा. 'कुटुंब सहकार्य करत नाही' असं लिहू नका. 'ठरलेल्या दोन भेटींना मुलगा घरी नव्हता, सुनेच्या म्हणण्यानुसार त्याची रात्रपाळी आहे' असं लिहा. पहिल्या वाक्याने पुढच्या नर्सचं मन कलुषित होतं, दुसऱ्याने तिला भेटीची वेळ बदलायचं सुचतं. ताणांच्या खाली बळंही लिहा: कोण हसतमुखाने काम करतं, कोणती शेजारीण अर्ध्या रात्री धावून येते, मागच्या संकटात या घराने काय केलं होतं. काळजीचा आराखडा याच नोंदींवर बेतायचा असतो. पक्षाघाताच्या त्या घरी धाकट्या दिरांनी आठवड्यातल्या दोन रात्री स्वतःकडे घेतल्या, आणि ते दीर इकोमॅपवर तुटक रेघेने जोडलेले होते. पुढच्या भेटीला जाताना जुना कागद सोबत न्या आणि घरच्यांनाच विचारा, आता यातली कुठली रेघ बदलायची.