पाळलेल्या झुरळांच्या टबात माश्या झाल्या तर काय करावे

झुरळं पाळणाऱ्याचं घरात एरवीही फारसं कौतुक होत नाही. त्यात स्वयंपाकघरात चिलटं फिरू लागली की टब बाहेर काढायचाच हुकूम सुटतो. अरोवाना माशाला किंवा गेको पालीला खाऊ म्हणून वाढवलेली डुबिया झुरळं असोत, की हौसेने ठेवलेली मादागास्करची हिसिंग झुरळं, दमट हवेत हा त्रास कधी ना कधी होतोच. त्यावर उपाय आहे, पण तो उडणाऱ्या माश्या मारण्यापासून सुरू होत नाही. माशी झुरळासाठी टबात येत नाही. ती येते ओलाव्यासाठी, सडलेल्या खाण्यासाठी आणि मेलेल्या झुरळांसाठी. त्या तीन गोष्टी तशाच राहिल्या तर आज शंभर माश्या मारल्या तरी दोन आठवड्यांनी तितक्याच पुन्हा दिसतील.

म्हणून आधी माशी कोणती आहे ते नीट पाहा. फळांच्या फोडींवर घुटमळणारी, लाल डोळ्यांची, तपकिरी असेल तर ते घरातलं नेहमीचं चिलट. काळी, बारीक, डासासारख्या लांब पायांची, दिव्याभोवती अडखळत उडणारी असेल तर ती बुरशीवरची माशी. तिच्या पारदर्शक अळ्यांचं डोकं काळं चकचकीत असतं आणि त्या ओल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, सापडतात. तिसरी सगळ्यात चिवट: दोन-तीन मिलिमीटरची, पाठीला कुबड असलेली, हात लावायला गेलं की उडण्याऐवजी धावत सुटणारी फोरिड माशी. झुरळांच्या टबात बहुधा मेगासेलिया स्केलारिस ही जात आढळते. ती मुख्यतः मेलेल्या आणि मरायला टेकलेल्या झुरळांवर अंडी घालते. ही माशी दिसली, तर टबाच्या तळाशी तुम्ही न पाहिलेली मढी आहेत असं समजा.

चिलटांचा बंदोबस्त सोपा आहे. फळं पूर्ण बंद करा आणि टबाबाहेर एका वाटीत व्हिनेगर व दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड ठेवा. पंचवीस अंशांच्या आसपास त्यांची एक पिढी साधारण दहा दिवसांत पुरी होते, त्यामुळे फरक लवकर दिसतो.

फोरिडसाठी मात्र टब पूर्ण रिकामा करावा लागतो. वाळलेल्या लेंड्यांच्या धुळीने अनेकांना ॲलर्जी होते, दम्याच्या माणसाला तर जास्तच त्रास होऊ शकतो. त्यामुळे मास्क आणि हातमोजे घाला आणि काम गच्चीत किंवा बाल्कनीत करा. दुसरा कोरडा, गुळगुळीत प्लास्टिकचा टब आधीच तयार ठेवा. झुरळं ज्यांत लपतात ते अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे एकेक करून त्यात झटका. डुबिया गुळगुळीत भिंतीवर चढू शकत नाहीत, म्हणून घाई नको. हिसिंग झुरळं काचेवरही चढतात, त्यांच्यासाठी झाकण हाताशी असू द्या. जुने ट्रे परत वापरू नका, कारण माशीचे कोष पुठ्ठ्याच्या घड्यांना चिकटलेले असतात. ट्रे स्वस्त आहेत, इथे काटकसर करू नये.

खरी अडचण तळाच्या लेंड्यांची. त्यांत माशीच्या अळ्या असतात, तशीच डुबियाची नुकती जन्मलेली पिल्लंही असतात. चाळणीने चाळलं तर पिल्लं लेंड्यांबरोबर खाली पडतात. त्यासाठी खाली पडलेला तो चाळ एका उथळ ट्रेमध्ये पसरा आणि वर नव्या पुठ्ठ्याचा तुकडा व गाजराची चकती ठेवा. पिल्लं अंधार आणि ओल शोधत पुठ्ठ्याखाली जमतात. ती नव्या टबात झटका. एक-दोन दिवस हेच करत राहा. उरलेला चाळ पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि मगच टाका किंवा झाडांना घाला. घरच्यांना फ्रीझर मान्य नसेल तर उकळतं पाणी ओता. न मारलेला चाळ उघड्यावर टाकू नका: माश्या परत येतील, आणि ही परदेशी झुरळं बाहेर सोडणं बरोबरही नाही.

टब गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. फवारा, खडू, डासांचं लिक्विड, कॉइल यांपैकी काहीही त्या खोलीत नको. माशीला मारणारं औषध झुरळालाही मारतं.

पुढचे तीन-चार आठवडे टब कोरडा ठेवा. डुबियाला कोंडा किंवा भरडलेलं कोरडं कोंबडीखाद्य पुरतं. पाण्यापुरतं गाजर संध्याकाळी द्या आणि सकाळी उरलेलं काढा. पाण्याचे जेल बंद करा. मेलेली झुरळं रोज काढा. पावसाळ्यात टबाच्या एका बाजूला हीट मॅट आणि झाकणाचा मोठा भाग जाळीचा, एवढ्याने बराच ओलावा जातो. मच्छरदाणीची साधी जाळी मात्र उपयोगाची नाही, फोरिड तिच्यातून सहज आत येते. आतून स्टीलची जाळी आणि बाहेरून घट्ट विणीचं कापड असं दुहेरी झाकण करा. नुसतं कापड झुरळं कुरतडतात. पिवळे चिकट कागद टबाबाहेरच लावा, आत पिल्लं चिकटून मरतात.

हिसिंग झुरळं कोकोपीटवर ठेवली असतील आणि बुरशीवरची काळी माशी झाली असेल, तर कोकोपीट बदला आणि वरचा थर कोरडा राहील इतपतच पाणी द्या. बीटीआय नावाचा जिवाणू, जो डासांच्या अळ्यांसाठी वापरतात, या माशीच्या अळ्याही मारतो आणि झुरळांना अपाय करत नाही. तो पाण्यात मिसळून कोकोपीटवर शिंपडता येतो. फोरिडवर त्याचा भरवसा धरू नका. जवळच्या कुंड्याही तपासा, कारण ही माशी पुष्कळदा तिथूनच येते.

एक गोष्ट मात्र साफ करायची नाही. हिसिंग झुरळांच्या पायांच्या मुळाशी फिकट रंगाचे माइट, म्हणजे गोचिडीसारखे अगदी बारीक जीव, फिरताना दिसतात. ते त्यांचे कायमचे सोबती आहेत, अंगावरचं सांडलेलं-उरलेलं खातात आणि झुरळाला काही इजा करत नाहीत. त्यांना तसंच राहू द्या.