मोडलेल्या बँडची कॅसेट कशी जपावी

दोन-अडीच वर्षांत मोडलेल्या एखाद्या सोलापुरी गराज रॉक बँडची हकिगत नोंदवायची असेल, तर माणसांना भेटण्याआधी कॅसेट हाती घ्यावी, कारण चाळिशीपार उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पडलेली फीत कोणासाठी थांबत नाही. गराज रॉक, म्हणजे हौशी पोरांनी घरच्या गॅरेजात वाजवलेले रांगडे रॉक संगीत, हा प्रकारच मुळात अल्पायुषी बँडचा आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या गावोगावच्या पोरांनी एखाद-दुसरी तबकडी काढली आणि मग ती पोरे पोटापाण्याला लागली. १९७२ साली गिटारवादक आणि संगीतलेखक लेनी के यांनी अशी २७ गाणी एका जोडतबकडीत गोळा केली, तेव्हा कुठे त्या संगीताकडे नव्याने पाहिले गेले.

कॅसेटच्या वरच्या कडेची दोन्ही प्लास्टिकची पाती आधी मोडावीत, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही. प्लेअरचे हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून वाळू द्यावे आणि सुरुवातीला एखादी टाकाऊ कॅसेट लावून पाहावी. मी हे टाळले आणि वीतभर फीत रोलरला गुंडाळली गेली. ते गाणे अजूनही दुसऱ्या कडव्यात अडखळते. आवाज दबलेला वाटल्यास हेडशेजारचा स्क्रू अगदी हळू फिरवावा, झांजा मोकळ्या ऐकू येऊ लागल्या की थांबावे. संगणकावर उतरवलेली मूळ प्रत २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झच्या वेव्ह, म्हणजे ध्वनी न दाबणाऱ्या, फाइलमध्येच ठेवावी.

या मूळ प्रतीतली खरखर मात्र सॉफ्टवेअरने काढू नये. माझ्याकडे आलेल्या कॅसेटमध्ये दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत यंत्रमागाची खटखट ऐकू येते आणि पुढच्या गाण्यात ड्रमवाल्याने नेमका तोच ठेका उचललेला आहे. गिटारवाला तालीम विजापूर रोडवरच्या बंगल्यात होत असल्याचे ठामपणे सांगत होता. खटखट ऐकवल्यावर तो हसला आणि मग माग कारखान्यामागची खोली त्याला आठवली, जिथे ड्रमबद्दल कोणाचीच तक्रार नसे.

सदस्यांना एकेकटे भेटावे. "बँड का मोडला?" या प्रश्नाला सगळे ठरावीक उत्तर देतात, त्याऐवजी "अँप्लिफायर शेवटी कोणाच्या घरी राहिला?" असे विचारावे, म्हणजे पैशांची, रुसव्याची आणि नोकरीची गोष्ट आपोआप निघते. तारखांसाठी सणांचा आधार घ्यावा: "गड्ड्याच्या", म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, "सुमारास" म्हणजे जानेवारी. वर्ष बारावीच्या गुणपत्रिकेवरून आणि जमल्यास 'संचार' या सोलापूरच्या दैनिकाच्या जुन्या अंकांवरून पडताळावे. तरीही जुळले नाही, तर दोन्ही वर्षे सांगणाऱ्याच्या नावासह लिहावीत.

गाणी लोकांना ऐकवण्याआधी प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी, लग्नानंतर हैदराबादला गेलेल्या आणि फक्त एकाच गाण्यात मागे सूर धरणाऱ्या गायिकेचीसुद्धा.